उजवी पाकळी

२० मे २०१३, सोमवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. मेडिकल लाइनीत रेकॉर्ड ठेवावे लागते, ती सवय आधीच लागलेली बरी.

निर्णय पक्का. फिजिशियन असिस्टंट व्हायचे. म्हणजे डॉक्टरचा उजवा हात. पेशंटची हिस्टरी घ्यायची, तपासायचे, ऑपरेशनच्या वेळी बाजूला उभे राहायचे. पांढरा कोट मिळतो. मंगळूरला कॉलेज आहे. बारावी सायन्स पाहिजे, मग एन्ट्रन्स आणि इंटरव्ह्यू. माझी बारावी सायन्स आहे. तिसऱ्या खेपेला झाली, पण झाली ना?

कोर्सची बातमी घरात संजनाने आणली, हे मान्य. धाकटी बहीण. यंदाच बारावी झाली, मार्क बरे पडले, संध्याकाळी पेडण्याला डॉ. पद्मावतींच्या क्लिनिकमध्ये ड्रेसिंगला मदत करते. बाईंनीच तिला सांगितले, तू हे कर, तुझा हात चांगला आहे. ती जेवताना हे सगळे सांगत होती आणि मला आतून एकदम वाटले, अरे, हे तर माझे!

बाबा म्हणाले, दोघांना धाडायची ताकद नाही. डिचोलीच्या खाणी बंद पडल्यापासून ट्रक दारात उभा होता, तो विकला, त्यात एकाचेच होईल. आई लगेच संजनाकडे बघायला लागली. आयांचे हे असेच.

तुयेच्या इंडस्ट्रियल एस्टेटमधली पॅकिंगची नोकरी मी सोडली ती काय उगाच? सुपरवायझर म्हणतो खोक्यावर बसू नको. माणसाने काय दिवसभर उभे राहायचे? माझे क्षेत्र वेगळे आहे हे मला तेव्हाच कळले होते.

२३ मे, गुरुवार.

टाइमटेबल लावले. पाचला उठणे, बायोलॉजी. सातला केमिस्ट्री. नऊला इंग्लिश स्पीकिंग, आरशासमोर.

जाग आली ती पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंप्याने. म्हणजे आठ वाजून गेले होते. गरम उंडे आणि भाजी. जड झाले. झोप हासुद्धा फिजिओलॉजीचाच विषय आहे, त्यामुळे दिवस अगदीच फुकट गेला असे नाही.

डोके तापते म्हणून नवे थंड तेल आणले, कापराच्या वासाचे. उद्यापासून पाच वाजता.

२८ मे, मंगळवार.

पेशंटचा अनुभव लागतो. संजनाने क्लिनिकमधून जुने बीपीचे यंत्र मागून आणले होते, ते मी घेतले. शेजारच्या कृष्णनाथकाकांपासून सुरुवात. वर दोनशे दहा! मी तिथल्या तिथे त्यांना आडवे केले, मीठ बंद, बोलणे बंद. काकी रडायला लागल्या. मला खरे सांगायचे तर समाधान वाटले. आपल्या शब्दाने अख्खे घर हलते, ही पॉवर प्रत्येकाकडे नसते.

संध्याकाळी संजना आली. काकांची बाही वर केली, बोलू नका म्हणाली, परत मोजले. एकशे तीस. पट्टा शर्टावरून बांधायचा नसतो म्हणे. हे तिने सगळ्यांसमोर सांगितले. तोवर काका सकाळपासून अळणी पेजेवर होते, ते त्यांच्या तब्येतीला बरेच झाले असणार. आभार कोणी मानले नाहीत.

२ जून, रविवार.

बाबांनी तोडगा काढला. देवीला विचारायचे.

आमच्याकडे लग्न, विहीर, म्हैस, काही असो, कौल घेतल्याशिवाय होत नाही. महादेव गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, काही उजवीकडे, काही डावीकडे. घरचा कर्ता गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होय. डावी पडली तर नाही. मग त्यावर कोणी बोलायचे नाही.

मी लगेच होकार दिला. संजनानेही दिला, पण तिचा चेहरा जरा उतरला. साहजिक आहे. प्रश्न थोरल्या मुलाचाच विचारणार. झिलाक धाडू काय? दुसरे काय विचारतील?

अभ्यास: ह्या आठवड्यात देवावर सोडला आहे.

७ जून, शुक्रवार. सकाळी.

शुक्रवार देवीचा, म्हणून आज कौल. संजनाने पहाटे फुले काढून पाकळ्या वेगळ्या केल्या. पद्धतीप्रमाणे दोन पाने केली, एक उजवीकडच्या पाकळ्यांचे, एक डावीकडच्या. ती दोन्ही पाने देवळात पोचवायचे काम माझ्याकडे.

देवीवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आजकाल देवीलाही किती घरांचे बघावे लागते. तेव्हा उजव्या पानावरच्या पाकळ्यांना मागून किंचित माझे थंड तेल लावले. अगदी बोटाच्या टोकाने. ह्याला कोणी काही म्हणेल, मी ह्याला हातभार म्हणतो. देवळात कापराचा वास असतोच.

७ जून. दुपारी.

छातीत जड वाटते. डावीकडे. ॲसिडिटी असावी.

झाले ते क्रमाने लिहितो. महादेवाने पाकळ्या लावल्या. बाबा हात जोडून उभे राहिले आणि गाऱ्हाणे घातले. आई माये, चेडवाक मंगळूरला धाडू काय? होय असेल तर उजवी दी.

चेडवाक! मुलीला! मी बाबांकडे बघतच राहिलो. सख्खा बाप! चोविसाव्या वर्षी माझा प्रश्नसुद्धा विचारण्यासारखा वाटला नाही त्यांना. आणि त्यांचे वाक्य पुरे होते न होते तोच उजवीची पाकळी खाली. मग दुसरी. मग तिसरी. सगळी उजवी बाजू भराभरा मोकळी झाली.

आई रडली. संजनाने देवीसमोर डोके टेकले, ते बराच वेळ वर केले नाही. तिचे खांदे हलत होते. माणसाला इतका आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हते. मला किती लागले असेल ह्याचा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही.

तेवढ्यात महादेवाने खाली पडलेली पाकळी उचलली, बोटे एकमेकांवर चोळली आणि म्हणाला, हे तेल कुणी लावले?

उजवी पडली तर फायदा कुणाचा, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते. फुले कुणी काढली, असे महादेवाने विचारले. संजना म्हणाली, मी. आणली कुणी? मी म्हटले, मी फक्त आणली. हे शंभर टक्के खरे आहे. मग मी एवढेच सांगितले, की शुक्रवारी सकाळी ती केसांना तेल लावून न्हाते. हा आरोप नव्हता. माहिती होती. मेडिकलच्या माणसाने माहिती लपवू नये.

संजना माझ्याकडे बघत होती. मी घंटेकडे बघत होतो.

१० जून, सोमवार.

बाबा तीन दिवसांनी बोलले. जिच्या नावावर देवीला फसवले ती ह्या घरातून शिकायला बाहेर पडायची नाही. दंड म्हणून देवीला नारळ आणि दिव्यासाठी तेलाचा डबा. तो संजनाच्या हातूनच ठेवायला लावला. सगळा वाडा बघायला आला होता. ती रडली नाही. लोक म्हणाले, बघा कशी निर्लज्ज.

आता पैसे आहेत, कोर्स आहे, जायला माणूस नाही. बाबा माझ्याकडे वळले. मी नको म्हटले. मनातल्या मनात म्हटले, पण म्हटले.

घरावर आलेला प्रसंग थोरल्याने निभावून न्यायचा असतो. फॉर्म आजच भरला.

थंड तेल लावणे बंद. डोक्याला सूट होत नाही.

१५ जून, शनिवार.

आईने सांगितल्यामुळे संजना मला शिकवते. शिकवते म्हणजे वाचून दाखवते, मी ऐकतो. हृदयाचे चार कप्पे आहेत. मला दोनच आठवत होते, पण महत्त्वाचे दोन.

मला फिजिशियन असिस्टंट का व्हायचे आहे, ह्यावर एक पानभर इंग्लिश निबंध द्यायचा असतो. संजनाने तिच्यासाठी आधीच लिहून ठेवला होता. केरीचा एक म्हातारा रापणकार मच्छीमार, शुगरने पायाला जखम, सगळ्यांनी पाय कापायला सांगितला, ही रोज ड्रेसिंग करत राहिली आणि पाय वाचला. चांगला विषय आहे. तिला आता त्याचा उपयोग नाही. मी रेफरन्स म्हणून घेतला आणि खाली माझे नाव घातले. तिने बघितले. म्हणाली, दादा, त्या म्हाताऱ्याचे नाव तरी नीट लिही, गुरुदास, तू गुरुनाथ लिहिलेस. एवढेच म्हणाली. मनाने सावरली आहे असे दिसते.

२१ जून, शुक्रवार.

शिफारसपत्रासाठी सोमवारी डॉ. पद्मावतींकडे गेलो. बाईंचे बोलणे तुटक. म्हणाल्या, चार दिवस क्लिनिकमध्ये उभा राहा, मग बघते.

पहिल्या दिवशी मोरजीच्या एका बाईचे गळू फोडायचे होते. ट्रे धरायला मी पुढे झालो. त्यानंतरचे मला नीट आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा गळूवाली बाई मला पदराने वारा घालत होती. कपाळाला टाके पडले, दोन. ते डॉक्टरबाईंनी घातले. पेशंटचा अनुभव पाहिजे होता, तो अगदी आतून मिळाला.

उरलेले दिवस बाहेर खुर्चीवर बसून ऑब्झर्व्ह केले. पत्रात बाईंनी लिहिले आहे, की हा मुलगा क्लिनिकमध्ये उपस्थित होता. उपस्थिती ही मोठी गोष्ट आहे. पत्र देताना विचारत होत्या, संजनाला का बंद केले? मी म्हटले, घरगुती कारण.

१२ जुलै, शुक्रवार. मंगळूर.

लेखी परीक्षा सकाळी झाली. प्रश्न सिलॅबसबाहेरचे. निदान मी जे सिलॅबस धरले होते त्याबाहेरचे.

दुपारी इंटरव्ह्यू. तिघे होते, मधे एक वयस्क डॉक्टरबाई. निबंध हातात घेऊन विचारते, जखम कुठल्या पायाला? मी म्हटले, दोन्ही. ड्रेसिंगला काय वापरले? मी म्हटले, औषध. मग शिपायाला बोलावून त्याचे बीपी घ्यायला सांगितले. बाही वर केली, हे मी विसरलो नाही. पंप मारत राहिलो, शिपाई ओरडायला लागला. मी म्हटले, दोनशे दहा. माझा हा आकडा साधारण बरोबर येतो.

मग त्या बाईने विचारले, तुझ्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाले आहे का, आणि झाले तेव्हा तू काय केलेस? ह्या प्रश्नाची मी आरशासमोर तयारी केली होती. म्हटले, माझ्या नाही, पण माझ्या बहिणीच्या हातून झाले आहे. आणि कौलाची सगळी गोष्ट सांगितली, इंग्लिशमधून, कुठे अडखळलो नाही. मी तिला कसे माफ केले हेही सांगितले. बाई म्हणाली, तेल तिने लावले हे तुला कसे कळले? मी म्हटले, होयची पाकळी पडली ना. ती म्हणाली, पण तुझे वडील मुलीचा प्रश्न विचारणार हे तुम्हा दोघांना आधी माहीत होते? मी म्हटले, छे, मला तर धक्काच बसला! तिने चष्मा काढला, माझ्याकडे बघितले आणि पुढे काही विचारले नाही. बहुधा भारावली असावी.

१३ जुलै, शनिवार. गाडीत.

बोर्डावर लिस्ट लागली होती. तीनदा वाचली. वेटिंगची पण वाचली.

घरी पेंडिंग आहे असे सांगायचे. पेंडिंग खोटे नाही. जगात सगळेच पेंडिंग असते.

२४ जुलै, बुधवार.

पेंडिंग फुटले. डॉ. पद्मावती स्वतःच घरी आल्या. कॉलेजात त्यांच्या ओळखीचे कोणी आहे, त्यांना सगळे कळले. आईने चहा केला, मी चहा घेतला नाही, एवढा अपमान.

बाई बाबांना म्हणाल्या, दुसरी फेरी आहे, सीट शिल्लक आहेत, एकतीस तारीख शेवटची, संजनाचे मार्क पुरेसे आहेत, फॉर्म मी भरते, तुम्ही फक्त हो म्हणा.

बाबांचे डोळे भरले. म्हणाले, मला काय पोर नको झाली आहे? पण देवीचे काय करू? महादेवाने एक वाट सांगितली आहे. ज्याने तेल लावले त्याने देवीसमोर उभे राहून आपल्या तोंडाने कबूल करायचे. देवी क्षमा करते. मग परत कौल. मग संजनाकडे वळून म्हणाले, बाय, एकदा बोल आणि मोकळी हो.

संजना म्हणाली, मी लावले नाही, मग देवीसमोर लावले म्हणून कसे सांगू?

बाबा उठून परसात गेले. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत बसल्या. माझ्या कपाळावरच्या टाक्यांची खूण बघत असाव्यात.

२८ जुलै, रविवार.

संजनाला समजावले. शेवटी थोरला भाऊ आहे मी. म्हटले, वेडी आहेस काय गो? एवढेसे खोटे बोलायला काय जाते? दोन शब्द, एक नारळ, आणि मंगळूर! करिअरचा प्रश्न आहे. हट्टाने माणसाचे नुकसान होते.

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, दोन शब्दच आहेत ना, मग तू सांग.

मी कशाला? मी काय केले? मी फक्त आणली.

ती म्हणाली, हो. आणि परत तांदूळ निवडायला लागली. ह्या मुलीला दुसऱ्याने केलेल्या चांगल्याची किंमत नाही. छातीत पुन्हा जड. गॅसच.

३१ जुलै, बुधवार.

आज देवळात गेलो. नारळ घेऊन. मनात काही नव्हते, सहज. महादेव समई पुसत बसला होता. म्हणाला, काय रे गौरेश? मी म्हटले, आरती किती वाजता? म्हणाला, रोजच्याच वेळेला, तुला ठाऊक नाही? मी म्हटले, ठाऊक आहे.

तो समई बाजूला ठेवून म्हणाला, आणखी काही? मी खूप वेळ उभा होतो. पायाला मुंग्या आल्या, रक्ताभिसरण नीट नाही. मग नारळ ठेवला आणि घरी आलो.

संजना अंगणात उभी होती, देवळाच्या वाटेकडे तोंड करून. माझ्या हातात नारळ नाही हे तिने बघितले, आणि क्षणभर तिचा चेहरा असा काही झाला की मला बघवेना. मी म्हटले, आरतीची वेळ विचारायला गेलो होतो. ती आत गेली.

पेडण्याहून डॉक्टरबाईंचा फोन संध्याकाळपर्यंत वाजत होता. बाबांनी उचलला नाही. पाच वाजता बंद झाला.

१९ ऑगस्ट, सोमवार.

संजना तुयेच्या एस्टेटमध्ये लागली. पॅकिंगला, माझ्याच जुन्या जागेवर. घरात एकाने तरी कमवायला हवे आणि मला पुढच्या वर्षीची तयारी आहे. क्लिनिक सुटलेच होते, कारण लोक तिच्याकडून जखम बांधून घेईनात. देवीला फसवणारा हात म्हणे. कृष्णनाथकाका तर बीपी मोजायला हल्ली माझ्याकडेच येतात. लोकांना माणसाची पारख असते.

सुपरवायझर वाटेत भेटला. म्हणाला, बहीण चांगली आहे तुझी, दिवसभर उभी असते, एकदासुद्धा खोक्यावर बसत नाही.

पुढच्या वर्षी मंगळूर नको. चेन्नईला लेव्हल चांगली आहे असे ऐकतो. क्लासची फी संजनाच्या पगारातून जमेल, असे आईच म्हणाली. मी मागितली नाही.

८ सप्टेंबर, रविवार.

उद्या चतुर्थी. गणपतीवरची फळांची माटोळी बांधून झाली. बाबांनी मला जवळ बोलावले आणि सगळ्यांसमोर सांगितले, ह्यापुढे घरातली देवाची फुले गौरेशनेच आणायची. देवासमोर उभे राहण्यासारखा ह्या घरात आता तोच आहे. संजना तिथेच समईच्या वाती वळत होती.

मला एकदम गरगरले. घाम फुटला, छाती गच्च. ह्या वेळी गॅस नव्हता, मला कळते थोडेफार. मी खाली बसलो. म्हटले, संजना, बघ गो, मला काहीतरी होत आहे.

ती उठली. बीपीचे यंत्र बाईंना परत द्यायचे म्हणून कापडात गुंडाळून ठेवले होते, ते सोडले. माझी बाही वर केली, पट्टा बांधला. बोलू नकोस म्हणाली. तिच्या बोटांना पुठ्ठ्याने कापल्याच्या रेघा होत्या. इतक्या जवळ ती कित्येक दिवसांत आली नव्हती. वात वळता वळता उठलेली, हाताला तेल होते. मग तिने हळूच विचारले, दादा, ते कापराच्या वासाचे तेल लावायचे तू कधीपासून सोडलेस? मी म्हटले, जूनपासून. सूट होत नव्हते. ती हो म्हणाली. जणू तिला ते आधीच माहीत होते.

तिने नीट मोजले. परत एकदा मोजले. नाडी बघितली. मी डोळे मिटून घेतले होते. विचारले, किती गो? दोनशे?

एकशे वीस, ऐंशी, ती म्हणाली. तुला काही झालेले नाही, दादा. तुला काही होणारही नाही.

इतके बरे वाटले म्हणून सांगू! नंतर तीन करंज्या खाल्ल्या. उद्या पाचला उठून फुले काढायची आहेत.